आप्पांची बुडालेली गाडी

कोसाड, सुरत
१२ जानेवारी २०२५

आप्पा,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची, असं आईने शिकवलं होतं. म्हणून नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण सात वर्षांत तुम्ही माझा एकही फोन उचललेला नाही. फोन नुसता वाजू देता येतो. पत्र निदान हातात तरी पडतं.

काम असं आहे. कडोदऱ्याला ज्या लूमच्या शेडमागे तुमची पिकअप उभी आहे, ती जागा तिथल्या शेठने विकली. एकतीस तारखेच्या आत गाडी हलवा, नाहीतर भंगारवाला उचलून नेईल, असा त्यांचा निरोप आला. मी गावी प्रशांतदादाला कळवलं. अर्ध्या तासाने त्याचा फोन, "आप्पा म्हणतात, जाऊ दे भंगारात. तू हात लावू नकोस."

मी त्याच दिवशी जाऊन गाडी बघून आले. साडेअठरा वर्षं एका जागी उभी आहे. टायर जमिनीत रुतलेत. मागच्या हौदात माझ्या उंचीची बाभूळ उगवलीय आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुत्री व्यायली आहे. हिरवा रंग फक्त दाराच्या आतल्या बाजूला उरलाय. पण चेसीस वाजवून बघितली, ती खणखणीत आहे. एकाहत्तर सालची गाडी आहे, तेव्हाचा पत्रा आताच्या दुप्पट जाड असायचा, हे तुमचंच वाक्य.

तुम्ही म्हणाल, हिला काय कळतं. मला कळतं. तुम्ही गावाला निघून गेल्यावर मी गाडी शिकले. आज पाच वर्षं भाड्याचा टेम्पो चालवतेय, कडोदऱ्याहून साड्यांची पार्सलं भरून मार्केटला. नवऱ्याचं घर सोडून आलेली मुलगी ज्या घरात राहील त्या घरात मी राहणार नाही, असं म्हणून तुम्ही गेलात. मी अजून त्याच घरात आहे. चांगली आहे.

तर ऐका. गाडी भंगारात जाणार नाही. मी ती उचलणार आणि रस्त्यावर आणणार. आरसी बुक आणि नाव बदलायच्या फॉर्मवर तुमची सही पाठवा. नाही पाठवलीत तरी गाडी हलणार आहे.

धनश्री


९ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

दादाचं पाकीट मिळालं. आरसी बुक आहे, दोन्ही फॉर्मवर तुमची सही आहे आणि वर दादाची चिठ्ठी, "भंगारवाल्याला द्यायला लागतील."

सही कशासाठी केली ते फॉर्मवर लिहायला जागा नसते. घेणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. रागावायचं असेल तर खुशाल रागवा.

गाडी तीस तारखेला काढली. क्रेनवाला आणि भंगारवाला एकाच वेळी पोचले. भंगारवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, "बेन, आमां कशुं नथी रह्युं." यात काही उरलेलं नाही म्हणे. मी म्हटलं, "तो तमे लेवा केम आव्या?" मग न्यायला का आलात? शेडमधले कारागीर हसले, तोही हसला, आणि बाभूळ तोडायला त्यानेच कोयता दिला. कुत्री आणि पिल्लं वॉचमनने ठेवून घेतली.

गाडी कामरेजला दत्तूकाकांच्या गॅरेजवर नेली. तुमचे जुने मिस्त्री. आता सत्तरीला आलेत, पण चष्मा न लावता नट ओळखतात. क्रेनवरून गाडी उतरताना बघून त्यांनी हात पुसले आणि मला विचारलं,

"उखाभाऊंना माहीत आहे?"

"माहीत आहे. त्यांना नको आहे."

"मग?"

"मला हवी आहे."

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मी सांगितलं, काका, ही दोन हजार सहाच्या पुरात बुडालेली आहे, इंजिनात गाळ गेलाय, तेव्हापासून बंद आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, काही बोलणार. नुसतं म्हणाले, "उघडून बघू."

दादा फोनवर विचारत होता, नवीन टेम्पो हप्त्याने मिळतो, हे खटारं कशाला? त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. आई लग्न होऊन आली तेव्हा सुरत बघायला तुम्ही तिला, तेव्हा चालवत होतात त्या शेठच्या ट्रकमध्ये पुढे बसवलं नव्हतं, तिथेही माल भरलाय म्हणून. पुढे स्वतःची गाडी घेतलीत तेव्हा ती पुढे बसली. मला ते आठवतं. मी हौदात होते, दादाच्या मांडीवर, आणि मागच्या काचेतून तिचा अंबाडा दिसत होता. ती सबंध रस्ताभर वळूनसुद्धा बघायला तयार नव्हती, इतकी ऐटीत बसली होती. अशी गाडी मी भंगारवाल्याला देणार नाही.

धनश्री


१० मार्च २०२५

आप्पा,

आज थोडंच लिहिते.

काल दत्तूकाकांनी इंजिन उघडलं. आधी एअर क्लिनर काढला. त्याच्या तळाला तेलाची वाटी असते. गाडी पाण्यात गेली की सगळ्यात आधी तिथे गाळ बसतो, असं काका म्हणाले. वाटीत जुनं काळं तेल होतं. बोट घालून बघितलं. कणसुद्धा लागला नाही. मग हेड उघडलं. पिस्टन गंजून बसलेत, पण तो गाडी उभी राहून चढलेला गंज. खाली तेलाच्या चेंबरमध्ये नुसतं तेल. माती नाही, गाळ नाही, पाण्याची रेघ नाही.

"हिच्यात पाणी शिरलेलंच नाही," काका म्हणाले.

मी म्हटलं, असं कसं होईल? आप्पांनी सांगितलंय, बॉनेटवरून पाणी गेलं होतं.

ते नोझल काढायला लागले.

आप्पा, गाडी बुडाली होती ना? मी सरळ विचारतेय. सरळ सांगा.

धनश्री


१७ मार्च २०२५

आप्पा,

हे पत्र तीनदा फाडलं. आता जे उतरेल ते पाठवणार आहे.

तुम्ही आमच्याबरोबर गच्चीवर नव्हतात, म्हणून तिथे काय झालं ते तुम्हाला ऐकीव माहीत आहे. आज नीट सांगते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

सोमवारी संध्याकाळी पाणी कोसाडला शिरलं. आई, दादा आणि मी गच्चीवर गेलो. भिंतीला भिंत लागून राघोमामांचं घर, तेही सगळे आमच्याच गच्चीवर आले. राघोमामा, शांतामामी, चार वर्षांचा सागर आणि सहा महिन्यांचा अक्षय. तुम्ही माल घेऊन कडोदऱ्याला गेला होतात. मंगळवारी सकाळी तुमचा फोन लागला. तुम्ही आईला म्हणालात, "मी गाडी घेऊन निघतोय. कामरेजवरून फिरून येतो. डिझेल इंजिन आहे, पाण्यातून येईल. हलू नका." त्यानंतर फोन बंद पडला.

दुपारी गल्लीत लष्कराची बोट आली. चार-पाच माणसांची जागा होती. आधी लेकरंवाले या, असं ते ओरडत होते. आईने हात हलवून सांगितलं, "आमची गाडी येतेय. पलीकडे म्हातारी माणसं आहेत, त्यांना घ्या." बोट गेली. परत आली नाही.

संध्याकाळपर्यंत अक्षय रडून रडून निळा पडला. मामीला ताप होता, अंगावर दूध नव्हतं. राघोमामा म्हणाले, दाजी अडकले असतील, मी मेन रोडपर्यंत जाऊन दूध आणि पाणी आणतो. टायरच्या ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती धरून पाण्यात उतरले. पाचव्या दिवशी सापडले.

तुम्ही गुरुवारी चिखलातून चालत आलात. आईने दुसरं काही विचारलं नाही, एवढंच, "गाडी?" तुम्ही म्हणालात, "बुडाली. कोसाडच्या अलीकडे बॉनेटवरून पाणी गेलं. मी कसाबसा वाचलो." आई तुमच्या गळ्यात पडून रडली, तुम्ही वाचलात म्हणून. गाडी पुढे ओढून कडोदऱ्याला नेऊन ठेवली, असंच तुम्ही आम्हाला सांगितलंत. मरेपर्यंत ती सगळ्यांना सांगायची की माणसाने जिवावर उदार होऊन गाडी पाण्यात घातली.

परवा शनिवारी मी दत्तूकाकांच्या समोर बसले आणि म्हटलं, तुम्हाला काहीतरी माहीत आहे, ते ऐकल्याशिवाय मी उठणार नाही. त्यांनी सांगितलं. पुरातल्या त्या मंगळवारी दुपारी तुमची गाडी त्यांच्या गॅरेजच्या दारात दोन तास उभी होती. कोरडी. तुम्ही चहा अर्धा ठेवून पाणी बघायला जात होतात आणि परत येऊन बसत होतात. रस्त्यावर लष्कराची माणसं बोटी उतरवत होती. काका तुम्हाला म्हणाले, "उखाभाऊ, यांना घरचा पत्ता द्या, ते जातील." तुम्ही म्हणालात, "आमचे सगळे बाहेर निघालेत."

मी काकांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी हेच शब्द सांगितले.

तुम्ही घाबरलात याचा मला राग नाही. खरंच नाही. पण पत्ता का दिला नाहीत? नुसतं बोट दाखवायचं होतं, आप्पा. कोसाड, अमुक गल्ली, गच्चीवर दोन लेकरं आहेत. एवढंच.

दत्तूकाकांना आपल्याकडे काय झालं ते त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही पुन्हा कधी त्यांच्याकडे गेलाच नाहीत. मी सांगितल्यावर ते उठून आत गेले आणि त्या दिवशी गॅरेज बंद केलं.

गाडी चालू करायचं काम चालू आहे. ते थांबणार नाही.

धनश्री


१८ मे २०२५

आप्पा,

तुमचं उत्तर नाही. मी वाट बघत बसले नाही, हे कळावं म्हणून लिहितेय.

गाडी चालू झाली. पिस्टन आठ दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवले तेव्हा सुटले. पंप नवसारीच्या एका म्हाताऱ्या पारशाकडे मिळाला. क्लच प्लेट, ब्रेक आणि सगळं वायरिंग नवीन. हौदाच्या फळ्या सागाच्या घातल्या, मी स्वतः रंधा मारला. रंग हिरवाच दिलाय. सेल्फ मारला तेव्हा पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा गॅरेजभर काळा धूर झाला, आणि मग ती धडधड सुरू झाली. तुम्ही गल्लीत वळायचात तेव्हा घरात ताटं वाजायची, अगदी तोच आवाज. माझ्या डोळ्यांत धूर गेला. असं मी दत्तूकाकांना सांगितलं.

पासिंगला दोन चकरा झाल्या. पहिल्या वेळी हँडब्रेकवर नापास. तपासणारा साहेब म्हणाला, "बेन, ही चालवणार कोण?" मी त्याला शेजारी बसवून मैदानाला दोन चकरा मारल्या आणि चढावर हँडब्रेकवर उभी करून दाखवली. दुसऱ्या वेळी पास झाली. आता कागदावर गाडीची मालक धनश्री उखा सोनवणे आहे. नवऱ्याचं नाव कुठेही नाही. तुमचं आहे, ते मला टाळता आलं नाही.

आता खरं ते लिहिते. गाडी घेऊन गल्लीत आले तेव्हा सगळ्यात आधी शांतामामी बाहेर आल्या. पदराने बॉनेट पुसलं. कुंकू लावलं. आणि शेजारणीला म्हणाल्या, "हाई आमना दाजीनी गाडी शे. आमले वाचवाले निंघेल व्हती." आम्हाला वाचवायला निघालेली गाडी. मी स्टिअरिंगवर बसले होते. मी त्यांच्याकडे बघून हसले.

त्या दिवसापासून तुमचं खोटं मीही बोलतेय. रोज सकाळी मामी मला गाडीत बसताना बघतात, हात करतात, आणि मी हात करते. एकोणीस वर्षं तुम्ही हे कसं केलंत? मला तीन आठवड्यांत अन्न गोड लागेनासं झालंय.

धनश्री


२८ जून २०२५

आप्पा,

टीव्हीवर बघितलं असेल. चार दिवस पाऊस होता आणि खाड्यांचं पाणी वस्त्यांत शिरलं. तापी नाही, खाडी. कोसाडला काही झालं नाही. मी सुखरूप आहे. तरीही लिहितेय, कारण हे तुम्हालाच सांगायला हवं.

कडोदऱ्याहून रिकामी परत येत होते. खाडीकाठच्या एका सोसायटीच्या तोंडाशी कमरेएवढं पाणी आणि माणसं अडकलेली. छोट्या गाड्या सगळ्या बंद पडलेल्या. एक माणूस माझी गाडी बघून धावत आला, "ही उंच आहे, ही जाईल!" मी विचार केला नाही. फॅनचा पट्टा काढला, पाणी इंजिनावर उडू नये म्हणून. दत्तूकाकांनी शिकवलं होतं. पहिला गिअर टाकला आणि आत गेले.

पहिल्या खेपेला अकरा माणसं आली. दुसऱ्या खेपेला नऊ, त्यात एक बाई बाळंतपणाला टेकलेली. हौदात सगळे फळ्या धरून उभे होते. एक आजी सबंध वेळ माझ्या खिडकीतून आत हात घालून माझा खांदा धरून होत्या.

तिसऱ्या वेळी वळले तेव्हा पाणी वाढलेलं होतं. हेडलाइट बुडाल्या. मी थोडी पुढे गेले आणि इंजिनाचा आवाज बदलला, घसा धरल्यासारखा. तेवढ्यात माझे पाय गार पडले, आप्पा. पाणी आत आलं नव्हतं, तरी. आणि हात उलट्या दिशेला स्टिअरिंग फिरवायला लागले. मी ठरवलं नव्हतं. हातांनीच ठरवलं. मी गाडी मागे घेतली.

कडेची माणसं ओरडायला लागली. "बेन, तीन जण राहिलेत! तिसऱ्या मजल्यावर!" मला वाटलं, सांगावं की डिझेल संपलंय. क्लच गेलाय. शपथ घेऊन सांगते, वाक्य जिभेवर तयार होतं. किती सोपं असतं ते.

मी दार उघडून पायरीवर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "मला भीती वाटतेय. गाडी मध्ये बंद पडली तर सगळेच जातील. मी आत जाणार नाही. फायर ब्रिगेडला लावा फोन. मजला तिसरा, तीन माणसं, नीट सांगा." एकाने मला घाणेरडी शिवी दिली. दिली तर दिली. दुसऱ्याने फोन लावला. मी गाडी पाण्याच्या कडेला आडवी लावून, दिवे चालू ठेवून उभी राहिले, बोटवाल्यांना जागा दिसावी म्हणून. पाऊण तासाने बोट आली. तिघंही उतरले. त्यांत एक पांगळा मुलगा होता.

म्हणून मला आता नेमकं माहीत आहे की त्या मंगळवारी कामरेजला तुम्हाला काय झालं. अगदी तेच मला झालं. तुम्हाला दोष द्यायला मी आतापर्यंत जे धरून बसले होते, त्यातलं निम्मं त्या पाण्यात सुटलं.

उरलेलं निम्मं मात्र घट्ट आहे. तोंडाने सांगता येतं, आप्पा. शिवी खावी लागते, बस.

धनश्री


१३ जुलै २०२५

आप्पा,

तुमचं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नाही. उभ्या आयुष्यात तुमच्या हातची फक्त सही पाहिली होती.

बारा ओळी आहेत. पाठ झाल्यात. "कामरेजला पाणी पाहिलं आणि पायातलं बळ गेलं. लाज वाटली म्हणून दत्तूला खोटं बोललो. मग घरी बोललो. गाडी चालू असती तर लोकांनी विचारलं असतं, बुडालेली गाडी कशी चालते. म्हणून उभी केली." इथपर्यंत मी वाचलं आणि मला तुमची कीव आली. मग पुढची ओळ. "शांताबाईच्या भिंतीला भिंत लावून राहणं होत नव्हतं. तुझी आई होती तोवर काढले दिवस. मग तुझं निमित्त केलं."

निमित्त!

सात वर्षं, आप्पा. सात वर्षं मी स्वतःला विचारतेय की नवऱ्याचा मार खात राहिले असते तर बापाने घर सोडलं नसतं का. नातेवाइकांच्या लग्नात मागच्या रांगेत बसतेय. दादाच्या बायकोने मला हळदीला हात लावू दिला नाही, "आप्पांना चालत नाही" म्हणून. आणि मी नवऱ्याचं घर सोडल्याचं तुम्हाला काही वाटतच नव्हतं. तुम्ही मामीपासून पळत होतात आणि माझं नाव पुढे केलंत. राघोमामांच्या बाबतीत तुम्ही घाबरलात. माझ्या बाबतीत तुम्ही घाबरलेलेसुद्धा नव्हतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता, "तू शांताबाईला सांग, माझ्याने होणार नाही."

मी सांगणार नाही. हे माझं काम नाही. दत्तूकाका सांगणार नाहीत, दादाही नाही. तुम्ही सांगणार आहात, तिच्या दारात बसून.

शनिवारी पहाटे मी गाडी घेऊन निघतेय. दुपारी गावात पोचेन. रविवारी तुम्हाला घेऊन परत. दोन कपडे काढून ठेवा. दादाला सांगा, अडवायला मध्ये येऊ नको. आलात तर शेजारच्या सीटवर बसायचं आहे. स्टिअरिंगवर मी असेन.

नाही आलात तर गाडी गावच्या चौकात उभी करून, येणाऱ्या जाणाऱ्याला ती का बुडाली नाही ते सांगेन. धमकी समजा. धमकीच आहे.

धनश्री


२२ जुलै २०२५

आप्पा,

रविवारी संध्याकाळच्या बसने तुम्ही गेलात. नीट पोचल्याचं दादाने कळवलं. तुम्ही सबंध वेळ मान खाली घालून होतात, त्यामुळे तुम्हाला दिसलं नाही ते लिहितेय.

आधी रस्त्याचं. नवापूर आलं. तुम्ही म्हणालात, "दुसरा गिअर उशिरा टाकतेस." मी म्हटलं, "गाडी माझी आहे." सोनगढच्या घाटात तुम्ही पुन्हा म्हणालात, "उशिरा टाकतेस." मी लवकर टाकून बघितला. गाडी हलकी चढली. ते मी तुम्हाला बोलून दाखवलं नाही, आता सांगते. तुमचं बरोबर होतं.

मामींच्या घरी तुम्ही जमिनीवर बसलात. सागर लूमवर होता आणि अक्षय त्या रविवारी मित्राकडे गेला होता. त्या खुर्ची देत होत्या, तुम्ही घेतली नाहीत. तुम्ही बोलायला सुरुवात केलीत तेव्हा त्या गवार निवडत होत्या. कामरेजचं नाव आलं तेव्हाही निवडत होत्या. "आमचे सगळे बाहेर निघालेत असं मी सांगितलं," हे तुम्ही म्हणालात तेव्हा त्यांचे हात थांबले. त्यांनी तुमच्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर मामांचा फोटो आहे, तिकडेही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांनी विचारत होत्या, तुला माहीत होतं? मी हो अशी मान हलवली. तो क्षण तुम्ही पाहिला नाहीत. मला तो जन्मभर पुरेल.

मग त्या तुम्हाला एवढंच म्हणाल्या, "दाजी, बस कितीनी शे?" तुम्हाला वाटलं असेल, हाकलून दिलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

तुम्ही गेल्यावर त्यांनी सगळी गवार तशीच परातीत लोटली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी बसून राहिले. तशाच पडून म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी त्यालाच शिव्या घालत होते. राघोला. म्हणत होते, दाजी येणारच होते, तुला काय घाई होती उतरायची? मेलेल्या माणसाला रोज भांडत होते मी." मग रडल्या. आवाज न करता, तोंडात पदर घालून. मी त्यांचे पाय दाबत बसले. त्यांनी पाय ओढून घेतले. थोड्या वेळाने परत लांब केले.

काल सकाळी गाडी काढताना त्या दारात नव्हत्या. हात करणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, हेही घर गेलं.

आज सकाळी होत्या. हात केला नाही. गाडीजवळ आल्या, खिडकीची काच वाजवली. मी इंजिन बंद केलं.

"तुझ्या बापाला पत्र लिहितेस ना?"

"हो."

"लिही. सागर लूमवर असतो, त्याला शुक्रवारी सुट्टी. अक्षय कॉलेजला, तो रविवारी घरी. दोघांना वेगळं वेगळं सांगायचं. एकदम बसवून उरकायचं नाही. सागरला बाप आठवतो, त्याला वेगळं लागेल. अक्षय आयुष्यभर समजतोय की त्याच्या दुधापायी बाप गेला. त्याला वेगळं लागेल."

मी म्हटलं, "मामी, मी सांगते ना आप्पांना, घेऊन येते."

"तू नको जाऊस आणायला. पायाने येऊ दे."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मग परत दारात आल्या आणि म्हणाल्या, "शुक्रवार ते रविवार मध्ये राहायला लागेल. तुझ्याकडे झोपतील. जेवायला इकडे पाठव."

आप्पा, तुमचं काम झालेलं नाही. शुक्रवारी सकाळी साडेसहाची बस पारोळ्याहून निघते, दुपारी कडोदरा चौकडीला उतरवते. तिथून कोसाडला कसं यायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

धनश्री